कॅप्टन अगस्तींच्या फोटोला हार

आमच्या धंद्यात माणसं मारायची भाषा फार सैल आहे. "पुढच्या आठवड्यात कमलाबाईंना मारायचंय," असं आम्ही चहा पिता पिता म्हणतो आणि कमलाबाई समोरच बसून बटाटावडा खात असतात. पात्राचं नाव घ्यायचा कंटाळा, म्हणून नटाचं घेतो. इतकी वर्षं हे चाललंय आणि त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं. त्या गुरुवारी बिघडलं.

'ध्रुवयान' तुम्ही पाहिलं नसेल तर तुमच्या घरात कुणीतरी नक्की पाहिलं असेल. पृथ्वी सोडून निघालेलं एक यान, त्यात तीनशे मराठी माणसं आणि त्यांचा कॅप्टन अगस्ती. बारा वर्षं हे यान चाललंय आणि अजून कुठेही पोचलेलं नाही, कारण पोचलं तर मालिका संपेल. बाकीच्या मालिका गोरेगाव-ठाण्याला गेल्या. आम्ही मात्र परळला, एका बंद गिरणीच्या उरलेल्या शेडमध्ये चिकटून बसलोय. यान आधी थर्माकोलचं होतं, मग फायबरचं झालं. डॉक्टर बदलले, इंजिनियर बदलले, कॅप्टनची मुलगी तर चारदा बदलली. कॅप्टन तेवढा एकच राहिला, गुरुदत्त विजयकर.

डिसेंबरात रामदाससर गेले. मेले नाहीत हो, चॅनलशी भांडून सोडून गेले. मालिका त्यांनीच जन्माला घातली होती आणि पहिल्या भागापासून ते तिचे कर्तेधर्ते होते. त्यांच्या खुर्चीत चॅनलने मला बसवलं. मी मनाली तांबे, इथेच सहायक म्हणून लागलेली, मग लेखक झालेली. खुर्चीत बसल्याबरोबर पहिलं काम मी काय केलं असेल, तर सेटवरची सगळी थोतांडं बंद केली. आमच्या घरात नजर काढणं, मुहूर्त बघणं असलं काही बाबांनी कधी चालू दिलं नाही, आणि इथे विज्ञानाच्या मालिकेत यान सुटण्याआधी नारळ फुटायचा. त्याहून मला चीड यायची ती मेल्यानंतरच्या हसण्याची. नटाने मरणाचा सीन दिला की "कट" झाल्यावर उठायचं आणि चालू कॅमेऱ्यात बघून हसायचं. यमाला कळावं की हे खोटं होतं, म्हणून. बारा वर्षं मी ते हसणं बघत होते आणि दर वेळी दात ओठ खात होते. "यापुढे मेलेला माणूस गुपचूप उठेल आणि जेवायला जाईल," असं मी सगळ्या युनिटला सांगून टाकलं. गुरुदत्तकाका तेवढे हसले. म्हणाले, "जशी आज्ञा, कॅप्टन."

त्या दिवसापासून ते मला कॅप्टनच म्हणायला लागले. थट्टेत म्हणायचे, पण सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि त्यामुळे ज्यांना मी कालची पोरगी वाटत होते तेही नीट बोलायला लागले. मला पहिला संवाद लिहायला बसवलं ते ह्याच माणसाने. "अगं, एवढं बोलतेस, तर लिही की," असं म्हणून.

नव्या वर्षात चॅनलच्या देविकाने बोलावलं. हिच्या केबिनमधून शिवाजी पार्कची झाडं दिसतात आणि ती एकदाही तिकडे बघत नाही.

"कॅप्टन बदलायचाय," ती म्हणाली. "सदुसष्ट वर्षांचा माणूस अंतराळात काय करतोय? पुष्करला साइन केलंय आपण."

"आणि अगस्ती?"

"झोपेत जातो. तुमची ती शीतनिद्रा का काय असते ना, त्यात. नवा सीझन उघडतो तेव्हा भिंतीवर फोटो, फोटोला हार, पुष्कर येऊन नमस्कार करतो. इमोशनल कनेक्ट."

"मरताना दाखवायचंच नाही?"

"दाखवलं की लोक रडतात, आणि मग नव्या माणसाचा राग करतात. आणि हे बघ मनाली, फोटोचा सीन होईपर्यंत त्यांना सांगू नकोस. म्हातारी माणसं फार ताणतात गं."

मी "बरं" म्हटलं. एवढंच म्हटलं आणि जिना उतरताना स्वतःला शिव्या घातल्या.

कारण गुरुदत्तकाकांनी बारा वर्षांत एकच गोष्ट मागितली होती. आमचा हजारावा भाग झाला तेव्हा दादरला हॉल घेऊन कार्यक्रम केला होता. त्यात ते माइकवर म्हणाले, "मी नाटकातला माणूस. नाटकात नट विंगेत जातो ते निदान दिसतं. टीव्हीत तो नुसता यायचा थांबतो. माझा अगस्ती असा थांबवू नका, त्याला मला मारू द्या." रामदाससरांनी भर सभेत त्यांचा हात धरून शब्द दिला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होते.

तर त्या गुरुवारी अशी परिस्थिती होती. फोटोला हार घालायचा सीन शुक्रवारी सकाळी आणि काकांना पत्ता नाही. मी ठरवलं होतं की देविका गेली उडत, आज त्यांना सांगायचंच. सकाळपासून फोन हातात होता. नंबर काढायचा, बघत बसायचं, ठेवून द्यायचं. मध्येच उठून सेटला चक्कर मारायची, लाइटवाल्यावर उगाच ओरडायचं, परत येऊन बसायचं. आमचा कलादिग्दर्शक राकेश दारात डोकावून म्हणाला, "मॅडम, फ्रेमचं देऊन आलो लालबागला, सकाळी मिळेल. हार चंदनाचा सांगितलाय." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो उलट्या पावली गेला. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. शेवटी चप्पल घातली आणि बाहेर येऊन टॅक्सीला हात केला. म्हटलं, फोनवर नको. गिरगावात जाऊन समोर बसून सांगावं.

टॅक्सी भारतमाता टॉकीजच्या नाक्यावर अडकली. पुढे कसलासा खड्डा खणला होता. मी टॅक्सीवाल्याला डावीकडून काढ, उजवीकडून काढ असं करत होते आणि तो आरशातून माझ्याकडे बघून मान हलवत होता. मी वैतागून बाहेर पाहिलं, तर खांबाला नवाकोरा फ्लेक्स बांधलेला. आमच्या भागात माणूस गेला की घरच्यांचे डोळे पुसून व्हायच्या आत नाक्यावर फ्लेक्स लागतो, त्यात विशेष काही नाही. वर नेत्यांचे फोटो, खाली शोकाकुल मंडळींचे फोटो, आणि मधे मावेल तेवढा मयत.

मधे गुरुदत्तकाका होते. "भावपूर्ण श्रद्धांजली. कै. गुरुदत्त विजयकर, आपले कॅप्टन अगस्ती. शोकाकुल, ध्रुवयान कट्टा, लालबाग-परळ."

तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. मला हायसं वाटलं. खरंच सांगते. 'सुटले, आता सांगायला नको,' असं अख्खं वाक्य मनात आलं, शब्दांसकट. त्यानंतर मग मी त्यांच्या घरी फोन लावला. एंगेज. काकांच्या मोबाइलवर लावला, एंगेज. काकूंच्या मोबाइलवर लावला, तोही एंगेज. आता रडू फुटणार, तेवढ्यात माझं लक्ष फोटोतल्या खांद्याकडे गेलं. पाच तारे. कॅप्टनला पाचवा तारा ह्याच महिन्यात मिळाला होता, आणि तो लावलेला एकच फोटो होता, ऑफिसने काढलेला. तो मी स्वतः सकाळी राकेशला पाठवला होता.

मी राकेशला फोन केला. "फ्रेमवाल्याला तू काय सांगितलंस?"

"काही नाही. तो म्हणाला, अरे विजयकर गेले? मी म्हटलं, हो ना."

"राकेश!"

"अहो, आपण तसंच बोलतो ना! म्हणाला, कधी गेले? म्हटलं, काल रात्री, झोपेत. स्क्रिप्टमध्ये तसंच आहे. म्हणाला, बायको? म्हटलं, ती आधीच गेली. मुलगी आहे एक, पण तिचं काही धड नाही. तो बिचारा हळहळला. पैसेसुद्धा कमी घेतले, मला वाटलं ओळखीने..." मग त्याचा आवाज बदलला. "मॅडम, काय झालं?"

"बाहेर येऊन नाक्यावर बघ," असं म्हणून मी फोन ठेवला.

गिरगावात ठाकूरद्वारला विजयकरांची म्हणून एकेकाळी अख्खी इमारत होती. आता तिसरा मजला तेवढा त्यांच्याकडे उरलाय. जिन्यातच मला चपला दिसायला लागल्या. दारापुढे तर ढीगच. दार दुर्गाकाकूंनी उघडलं. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात चहाचा ट्रे आणि डोळ्यांत अंगार.

"ये," त्या म्हणाल्या. "तूही भेटायला आलीस का? बस. आतच आहेत तुझे कैलासवासी."

हॉलमध्ये दहाबारा माणसं भिंतीला टेकून बसली होती, आणि मधल्या आरामखुर्चीत, पांढरा झब्बा घालून, गुरुदत्तकाका. माणसांची फार पंचाईत झाली होती. मयताच्या घरी चहा घेत नाहीत, पण इथे मयतच आग्रह करत होता. निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, पण ह्या घरी आता म्हणायचं की नाही हे कुणालाच कळेना, म्हणून कुणी उठेचना. एका गृहस्थांनी आणलेला हार पिशवीत परत कोंबून पिशवी मांडीखाली दडवली होती. काकांनी मला बघितलं आणि सगळ्यांना हात जोडले. "या आता तुम्ही. आणि येतो म्हणा बरं का, मला चालेल." तसे सगळे सुटल्यासारखे उठले.

हॉल रिकामा झाल्यावर त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. कुणीतरी पाठवलेला तोच फ्लेक्स.

"पाच तारे आहेत," ते म्हणाले. "हा फोटो ऑफिसबाहेर कुणाकडे नाही. लालबागच्या पोरांना कुठून मिळाला?"

"फ्रेमवाल्याकडून."

"फ्रेम कशाला?"

माझी नजर समोरच्या भिंतीकडे गेली. त्यांनी तेही समजून घेतलं. त्यांना समजून घ्यायला कधी वेळ लागतच नाही, त्याचाच मला राग आला.

"भिंतीवर लावणार?"

"हो."

"आणि मी कसा जातो?"

"झोपेत. दाखवायचं नाहीये."

काकूंनी ट्रे टेबलावर आपटला. एक कप लवंडला. तो पुसायला त्या उठल्या नाहीत, मीही उठले नाही. काकांनी लवंडलेला कप सरळ केला. "पुष्कर ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "चांगला आहे पोरगा. जरा मान वाकडी ठेवतो." मग म्हणाले, "फ्लेक्स तू वाटेत पाहिलास?"

"हो."

"काय वाटलं?"

"काका, प्लीज."

"खरं सांग. इतकी वर्षं तुझे संवाद म्हणतोय. खोटं बोललीस तर मला ऐकू येईल."

"हायसं वाटलं," मी म्हटलं. "सांगायला नको म्हणून."

काकू उठून आत गेल्या. काकांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हे मला बाहेर काढतील आणि काढलं तर बरं होईल. पण ते खुर्चीत नुसते मागे रेलले. "लागलं," ते म्हणाले. "चांगलंच लागलं गं मनाली." त्यांनी कॅप्टन म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. देविका. मी उचलला आणि काय सुचलं कुणास ठाऊक, स्पीकरवर टाकला.

"मनाली, व्हायरल झालंय! आम्ही इकडे नाचतोय. ऐक, त्यांच्याकडून एक व्हिडिओ करून घे, मी जिवंत आहे वगैरे. संध्याकाळीच टाकू आणि त्याच पोस्टमध्ये पुष्करला अनाउन्स करू. परफेक्ट टायमिंग!"

काका माझ्याकडे बघत होते. त्यांच्या बघण्यात काहीही मागणं नव्हतं, आणि तेच मला सहन होईना.

"देविका, उद्या मी अगस्तीचा मृत्यू शूट करतेय," मी म्हटलं. "पूर्ण सीन. गुरुदत्तकाकांबरोबर."

"ते ठरलेलं नाही."

"रामदाससरांनी शब्द दिलाय."

"रामदास आता कुठे आहेत? हे बघ, हेड बदलायला आम्हाला फार वेळ लागत नाही."

"माहितीये मला. कसे बदलता ते आज नाक्यावर बघून आलेय." मी फोन बंद केला. बोलून बसले खरी. आईला काय सांगणार, नव्या घराचे हप्ते, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी उठून खिडकीशी गेले, परत आले, परत गेले.

"बस गं, भोवरा झालाय तुझा," काका म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता मरायचंय?"

"नऊची शिफ्ट आहे. पण सीनच लिहिलेला नाही."

"मग लिही की. एवढं बोलतेस."

तिथेच जेवणाच्या टेबलावर आम्ही बसलो. मी अगस्तीला दीड पानाचं भाषण दिलं. पृथ्वी, माती, पुढच्या पिढ्या, काय काय. काकांनी वाचलं आणि पेन घेऊन आडवी रेघ मारली. "मरताना माणूस इतकं बोलत नाही. आणि मराठी माणूस तर पुढच्याला गाडी नीट चालव एवढंच सांगेल." तसंच ठेवलं. अगस्ती पुष्करच्या हाताला धरतो आणि म्हणतो, "जरा डावीकडे घे." बस. काकूंनी आतून ऐकलं असावं. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "आणि मान सरळ ठेव म्हणावं त्याला." दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या आवाजातली धार गेली होती.

शुक्रवारी सेटवर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. राकेशने ती फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून पडद्यामागे उलटी ठेवली होती आणि काकांच्या पाया पडायला तो तीनदा आला. तिसऱ्यांदा काका म्हणाले, "पुरे रे, खरंच मरेन." देविकाचे फोन येत होते. मी फोन खिशात ठेवला, तो मांडीला लागून थरथरत राहिला. पुष्कर कोपऱ्यात एकटाच वाक्यं पाठ करत होता, खरं म्हणजे त्याला वाक्यच नव्हतं. काकांनी त्याला जवळ बोलावलं, त्याची हनुवटी धरून मान सरळ केली आणि म्हणाले, "असा धर मला. मी जड आहे, आधीच सांगतो."

मग ते मेले. एका टेकमध्ये मेले. हाताला धरलं, "जरा डावीकडे घे" म्हणाले, आणि समोर रस्ता असल्यासारखे बघत राहिले. मग बघणं तेवढं बंद झालं. पुष्कर खरा रडला. ते त्याला सांगितलेलं नव्हतं.

"कट," मी म्हटलं.

पुष्करने त्यांना हळूच खाली ठेवलं. ते उठले नाहीत. कॅमेरामनचा हात सवयीने परत बटणाकडे गेला आणि मग त्याला आठवलं की ते बंद झालंय, म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या युनिटने माझ्याकडे पाहिलं. मी मॉनिटरवर त्यांची छाती हलते का ते बघत होते. युनिफॉर्म जाडजूड होता, काही कळत नव्हतं. काल ह्यांच्याच फोटोखाली मला हायसं वाटलं होतं. आता मी खुर्ची मागे ढकलून उठले.

"कॅमेरा चालू करा," मी म्हटलं. "काका, हसा."

डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, "तूच बंद केलंस ना ते?"

"केलं होतं. तुम्ही हसा."

"विज्ञानाची मालिका आहे, कॅप्टन. कारण सांग."

"मला भीती वाटतेय," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला आणि सगळ्यांनी तो ऐकला. "तुम्ही जाल म्हणून."

त्यांनी डोळे उघडले. कोपरावर उठले, सरळ लेन्समध्ये बघितलं आणि हसले. आधी जरा नाटकातलं हसणं होतं, मग ते सुटलं आणि खोकला येईपर्यंत हसत राहिले. ते कुठल्याच भागात लागणार नव्हतं. माझ्या खिशात फोन थरथरत होता आणि मी कट म्हणत नव्हते.